त की थ

तिच्या वहीत 'नेमाडपंती' असं लिहिलं होतं. थ नव्हता, त होता. दुरुस्त करायला मी पेन्सिल उचलली आणि हात तिथंच राहिला.

महिन्यातून एका रविवारी आमच्या पडवीत सात-आठ जण जमतात. चौलातले तीन-चार, रेवदंड्याचे दोघं-तिघं, नागावहून एक जण सायकलवर येतात. कुणी नवं काही लिहिलं असेल तर वाचतं, नाहीतर एखादं पुस्तक समोर ठेवून बोलणं होतं. गेल्या खेपेला रेवदंड्याची एक मुलगी पहिल्यांदाच आली. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं आपली गोष्ट वाचली. गोष्टीतला मुलगा मांडव्याहून बोटीनं मुंबईला जातो, एका ऑफिसात चार महिने टिकतो आणि परत येतो. येतो तेव्हा वाडीत शिंपणं चाललेलं असतं. त्याला कुणी काही विचारत नाही. आजी फक्त एवढंच म्हणते, की त्या पाटाचं पाणी जरा पलीकडच्या आळ्यात वळव. तो चपला काढतो आणि पाणी वळवतो. संपली गोष्ट. मला ती फार आवडली. आजीपाशी मुलगी थांबली तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातले एक जण, ज्यांचं वाचन आम्हा सगळ्यांहून दांडगं आहे, म्हणाले, "बरी आहे. पण नेमाडपंथी आहे." दोघांनी माना हलवल्या. बोलणं दुसऱ्या पुस्तकाकडे वळलं. मुलीनं मान खाली घालून तो शब्द वहीत टिपून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन दारात उभी. मी अंगणात सुपारी वाळत घालत होते. "काकू, एक विचारू? ते काल जे म्हणाले, ते चांगलं म्हणाले की वाईट?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. हा शब्द मी स्वतः तीस-पस्तीस वर्षं वापरत आले आहे. कधी कौतुकानं, कधी नाक मुरडून. पण त्याचा नेमका अर्थ सांग, असं म्हणून कुणी माझ्यापुढे वही धरली नव्हती.

म्हणून आधी त्या त पासून सुरुवात केली, कारण तिनं नकळत शब्दाच्या मुळावरच बोट ठेवलं होतं. शाळेत शिकलेलं हेमाडपंती देऊळ तिला माहीत होतं, आणि कानावर पडलेला नवा शब्द तिनं त्याच साच्यात बसवला होता. ज्यानं कुणी 'नेमाडपंथी' पहिल्यांदा म्हटलं, त्याच्याही कानात हेमाडपंतीच घुमत असणार.

हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. देवगिरीच्या महादेव यादवाचा आणि पुढे रामचंद्राचा श्रीकरणाधिप, म्हणजे कारभारी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ त्याच्या नावावर आहे. पण लोकांच्या तोंडी हेमाडपंत राहिला तो ग्रंथामुळे नव्हे, दगडामुळे. चुना न घालता, घडीव दगड एकमेकांत खाचा-खुंट्यांनी बसवून उभी केलेली देवळं ती हेमाडपंती. मोडी लिपी त्यानंच आणली म्हणतात, बाजरीही त्यानंच आणली म्हणतात. एकदा माणसाचं नाव लोकांना वापरायला सोपं वाटलं, की त्यावर काय काय येऊन बसेल त्याला धरबंध नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे 1060चं. शिलाहारांच्या काळातलं. हेमाद्री कारभारी झाला त्याच्या दोनशे वर्षं आधी ते उभं होतं. तरी तेही हेमाडपंतीच म्हणवलं जातं. शिलाहार आम्हाला परके नाहीत, चौल त्यांच्याच राज्यातलं नांदतं बंदर होतं. त्यामुळे अंबरनाथला हेमाडपंती म्हटलेलं ऐकलं की मला आपल्याच घरातल्या कुणाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारल्यासारखं वाटतं.

तर मूळ शब्द पंताचा. पंत एकच असतो. कादंबरीकार नेमाड्यांच्या वेळी त चा थ झाला आणि पंताचा पंथ झाला. थ आला की माणसाच्या मागे रांग दिसायला लागते. हेमाडपंती म्हणताना आपण देवळाबद्दल बोलत असतो, पण नेमाडपंथी म्हटलं की रांगेत उभ्या असलेल्या माणसांबद्दल बोलतो, आणि बहुतेक वेळा त्या रांगेत आपण नाही हे सुचवत असतो. एका अक्षरात केवढा फरक पडतो! आता तर देवळालाही लोक सर्रास 'हेमाडपंथी' लिहितात. नव्या शब्दानं जुन्या शब्दाला आपलं अक्षर देऊन टाकलं की काय, असं मला वाटून जातं.

आणखी एक गाठ या शब्दात आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. नेमाड्यांना महानुभावांच्या गद्याचं, 'लीळाचरित्रा'तल्या बोलत्या मराठीचं मोल फार. मराठी गद्याचा खरा ओघ तिथं आहे, असं मानणाऱ्यांतले ते. आणि महानुभावांच्या परंपरेत हेमाद्री हा पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या विरोधकांपैकी एक. म्हणजे चक्रधरांच्या मराठीला मानणाऱ्या लेखकाचं आडनाव, चक्रधरांच्या विरोधकाच्या नावावर बेतून, मराठीनं आपला शब्द घडवला. ज्याच्या आडनावाचा शब्द झाला, त्याला या घडणीत कुणी विचारलं नव्हतं. कुठल्याच लेखकाला विचारत नाहीत.

मुलगी ऐकत होती, पण तिचा प्रश्न तसाच होता. चांगलं की वाईट?

मी तिला म्हटलं, चल, देवळापर्यंत जाऊन येऊ. रामेश्वराचं देऊळ आमच्या घरापासून चालण्याच्या अंतरावर आहे. समोर पुष्करणी, आत पर्जन्य, वायू आणि अग्नी यांची कुंडं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी जुनी माणसं अजून पर्जन्यकुंडाची आठवण काढतात. पुष्करणीच्या पायरीवर बसलं की मला नेहमी या गावाच्या नावाचा विचार येतो. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या लेखांत हे गाव चेमुल आहे. टॉलेमीनं सिमुल्ला लिहिलं. अरबांनी सैमूर म्हटलं. दहाव्या शतकात मसूदी इथं येऊन गेला. रशियाचा अफनासी निकितीन 1469च्या सुमाराला उतरला आणि त्यानं चिविल लिहिलं. पुढे पोर्तुगीज आले. आमच्या आज्या चेऊल म्हणायच्या. गाव तेच. पण प्रत्येकानं आपल्या जिभेला जमेल तेवढंच उचललं, बाकीचं सोडून दिलं.

निकितीनचं घ्या. त्याचं स्मारक रेवदंड्याला आहे, मुलीनं ते रोज जाता-येता पाहिलेलं. आपण निकितीन हे आडनाव असल्यासारखं बोलतो. खरं तर ते आडनाव नव्हतंच, 'निकिताचा मुलगा' एवढाच त्याचा अर्थ. बापाचं नाव दूरच्या किनाऱ्यावर येऊन आडनाव झालं.

आणि कर लावून होणारी आमची आडनावं तर गावाचीच. गावात राहून कुणी चौलकर होत नाही. चौल सोडून मुंबईला, पेणला, आणखी कुठं गेला की लोक त्याला चौलकर म्हणायला लागतात. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल समाजाची आडनावं अशीच आहेत: किहीमकर, पेणकर, रोहेकर. पडद्यावर चेऊलकर गळून गेलं, पण आडनाव होतं ते मागे सोडलेल्या गावाचं. कर लागतो तो निघून गेल्यावर.

नेमाड्यांच्या 'कोसला' या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हाही असाच. सांगवी हे खानदेशातलं गाव, नेमाड्यांचं जन्मगाव. सांगवीत तो सांगवीकर नव्हे. पुण्याला शिकायला गेला म्हणून सांगवीकर. 'कोसला' आली 1963 साली, नेमाडे तेव्हा पंचविशीत होते. कादंबरीतल्या कॉलेजात, वसतिगृहात, मेसमध्ये हे आडनाव त्याच्या पाठीवर बसलेलं आहे, आणि घर सोडलेला मुलगा काय असतो ते त्या 'कर'मध्येच आहे. हे मला पहिल्या वाचनात कळलं नव्हतं. चौल सोडून आठ वर्षं मी मुंबईला राहिले आणि शेजारीण मला 'त्या चौलच्या' म्हणायला लागली, तेव्हा कळलं.

लेखकाचं आडनाव शब्द होतं तेही असंच. पुस्तकाच्या पाठीवर असतं तोवर ते आडनाव. पुस्तक सोडून दुसऱ्यांच्या बोलण्यात राहायला गेलं की शब्द.

आणि शब्द होताना काय होतं, हे मला त्या मुलीला नीट सांगायचं होतं, कारण तिच्या गोष्टीचं मोल त्यावर अवलंबून होतं. ज्याची नक्कल होते तेवढंच शब्द बरोबर घेतो. जे कुणाला उचलता येत नाही ते मागे राहतं.

'कोसला'तून काय उचलता आलं? 'वगैरे' उचलता आलं. 'उदाहरणार्थ' उचलता आलं. तुटक वाक्यं, मध्येच रोजनिशी, मध्येच जुन्या बखरीच्या थाटाचं लिहिणं, शहरात कंटाळलेला तरुण, परत गावाकडे वळणारी वाट, हे सगळं उचलता आलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेड्यांतून शिकायला बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी ते उचललं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या घरातली मराठी लिहिण्यालायक आहे. फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांतल्या दिवाणखान्यात त्यांना बसायला जागा नव्हती. म्हणून नेमाडपंथी या शब्दात सुरुवातीला एक सुटका होती, हे मी आजही मानते. पुढे नेमाड्यांनी 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत चांगदेव पाटलाची कहाणी लिहिली, 'टीकास्वयंवर'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2010 साली 'हिंदू' आली, 2014 सालचं ज्ञानपीठ मिळालं. स्वतः त्यांनी देशीवाद हा शब्द मांडला, त्यात त्यांचं नाव कुठं नव्हतं. नाव लोकांनी लावलं.

मागे काय राहिलं? 'कोसला'त पांडुरंगाची धाकटी बहीण देवीच्या आजारानं जाते. ती पानं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून वाडीत निघून गेले होते, आणि बराच वेळ आळ्यातला पाचोळा काढत बसले होते. त्या पानांवर ना तक्रार आहे, ना ऐट. साठ वर्षांत त्या पानांची नक्कल कुणाला जमलेली माझ्या वाचनात नाही. 'नेमाडपंथी' असं आपण म्हणतो तेव्हा ती धाकटी बहीण त्या शब्दात नसते. तिच्यासाठी शब्दात जागाच ठेवलेली नाही. ज्याच्यामुळे ते पुस्तक जिवाला लागतं, तेच शब्दाबाहेर राहिलेलं आहे.

हे काही आपल्याकडेच झालेलं नाही. काफ्काचं आडनाव जगभर शब्द झालं. कचेरीत रांगेत उभं राहून हातात काही पडलं नाही की लोक म्हणतात काफ्काएस्क. पण काफ्कानं 'द ट्रायल'चं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसत होते, तो स्वतः तर इतका हसत होता की वाचन थांबायचं, असं त्याचा मित्र माक्स ब्रोड यानं लिहून ठेवलं आहे. ते हसणं शब्दानं बरोबर घेतलं नाही. तसं काफ्का हाही मुळात शब्दच. चेक भाषेत कावका म्हणजे कावळ्याच्या जातीतला एक लहान पक्षी, आणि त्याच्या वडिलांच्या प्रागमधल्या दुकानाची खूण म्हणून तो पक्षी असायचा. पक्ष्याचं आडनाव झालं, आडनावाचा शब्द झाला, आणि पक्षी उडून गेला. ऑर्वेल तर खरं आडनावही नव्हे. एरिक ब्लेअरनं 1933 साली पहिलं पुस्तक छापताना इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका नदीचं नाव घेतलं. हुकूमशाहीबद्दल बोलताना आज जग ज्या शब्दाचा आधार घेतं, तो एका संथ नदीचा आहे.

दोस्तोएव्स्की तर आमच्यातलाच. त्याच्या घराण्याचं आडनाव दोस्तोएवो नावाच्या गावावरून पडलं. म्हणजे सरळ दोस्तोएवोकर! रशियनांनी त्याच्या नावावरून दोस्तोएवश्चिना असा एक शब्द केला, आणि तो प्रेमानं केलेला नाही. स्वतःचं मन उकरत बसण्याच्या, वेदना कुरवाळण्याच्या सवयीला टीकाकार तो शब्द लावत आले. निकितीनच्या देशातल्या माणसांनी आपल्या सगळ्यात मोठ्या कादंबरीकाराचं आडनाव असं वापरावं, याचं मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आपण खांडेकरांचं काय केलं ते आठवलं की वाटत नाही.

माझ्या आईकडे एक वही होती. तिच्यात खांडेकरांची वाक्यं उतरवलेली, निळ्या शाईनं, वळणदार. तिच्या मैत्रिणींकडेही अशा वह्या होत्या. तेव्हा 'खांडेकरी' म्हणजे उदात्त, सुंदर. मी कॉलेजात गेले तोवर त्याच शब्दाचा अर्थ उपमांनी लडबडलेलं, गोड गोड, असा झाला होता. मी एकदा आईच्या लिहिण्याला खांडेकरी म्हटलं. तिनं काही उत्तर दिलं नाही. ती वही नंतर पुन्हा कधी बाहेर काढलेली मी पाहिली नाही. 1920 ते 1938 अशी अठरा वर्षं शिरोड्यासारख्या खेड्यात शाळा चालवणारे खांडेकर, ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक, हे त्या शब्दात नव्हते. आईची वहीही नव्हती. मी शब्द उच्चारला आणि तिला त्यात कोंडून टाकलं. परवा पडवीत 'नेमाडपंथी आहे' ऐकल्यावर ती निळी शाई डोळ्यांपुढे आली, आणि तरी मी गप्प बसले, ही माझी चूक झाली. त्या मुलीच्या आजीनं पाणी कुठं वळवायला सांगितलं, हे तेव्हाच कुणीतरी बोलायला हवं होतं.

हे सगळं मी तिला सांगितलं. पुष्करणीच्या पायरीवर बसून, जमेल तसं. 'मर्ढेकरी' शब्दही सांगितला, आणि मर्ढे हे साताऱ्याकडचं गाव, मर्ढेकरांचं मूळ आडनाव गोसावी, हेही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कवितेला आपण जो शब्द लावतो तो गावाचा आहे?" म्हटलं, हो. खेड्यातल्या एखाद्या म्हातारीला आपल्या गावाचा असा काही शब्द झालाय हे माहीतही नसेल.

मग तिनं उलटं विचारलं, "नेमाडेंनी स्वतः कधी असा शब्द केलाय का, दुसऱ्यांबद्दल?"

केलाय, आणि तो फार नेमका आहे. त्यांच्या लेखाचं नावच आहे 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?'. लेखक हा साधा शब्द. त्याला राव जोडला आणि सत्कार, हारतुरे, व्यासपीठ, अध्यक्षपदं सगळं त्या एका रावात आलं. त्यांनी शब्दाचं नाव केलं. मराठीनं त्यांच्या नावाचा शब्द केला. दोन्ही वाटांना भाषेचं काम तेच. फक्त लेखकराव म्हणायला लेखक पारखावा लागतो, आणि नेमाडपंथी म्हणायला 'कोसला' उघडावी लागतेच असं नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला मुद्दाम सांगितली नाही. तिनं 'नेमाडेंनी' म्हटलं होतं.

आमच्या लहानपणी असं कुणी म्हणत नसे. फडके आले की फडक्यांची कादंबरी. आपट्यांचं नाटक, पेंडशांचा बापू, दळव्यांची गोष्ट. आमच्या आळीतही अजून जुनी माणसं म्हात्र्यांच्या वाडीतून वाट आहे, असंच म्हणतात. मराठी आडनावालाही शब्दासारखं वागवते, त्याचं सामान्यरूप करते, वाकवते. घोड्याचा, राजाचा, तसा फडक्यांचा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आडनावाला हात लावायला आपण भ्यायला लागलो. फडकेंची, पेंडसेंची, म्हात्रेंकडे. आडनाव जसंच्या तसं, काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं, आणि विभक्ती बाहेरून चिकटवलेली. त्यात आदर आहे असं म्हणतात. मला त्यात परकेपणा ऐकू येतो. ज्या माणसाच्या घरी आपलं जाणं-येणं आहे, त्याचं आडनाव जिभेवर वाकतंच. पुलं, जीए, वपु ही आद्याक्षरं आपण जोडून एकच शब्द असल्यासारखी म्हणतो, तीही त्यातलीच. जीएंना 'जीएपंथी' कुणी जोडलेलं मला आठवत नाही. तिथं रांग उभी राहिली नाही, एकेकटा माणूस जाऊन बसला.

पण हे व्याकरण त्या सकाळी तिच्या डोक्यावर लादायचं नव्हतं. सामान्यरूप शिकवून येत नाही. आलं तर येतं.

परत येताना मी तिला घरातली 'कोसला' दिली. पानं पिवळी पडलेली, पाठीला चिकटपट्टी. तिच्या वहीतल्या त ला मी हात लावला नाही. तिनं विचारलं, मग चूक आहे की बरोबर? म्हटलं, वाचून झालं की तू ठरव.

बारा-तेरा दिवस ती आली नाही. मध्ये दोनदा पाऊस झाला, पसरलेली सुपारी घाईघाईनं पडवीत ओढावी लागली. काल संध्याकाळी मी दिवा लावून उठत होते, तर ती पायरीवर. पुस्तक छातीशी धरलेलं, आत कुठंतरी बोट खुणेसारखं. बस म्हटलं तरी बसली नाही. डोळे लाल होते. रस्त्यानं चालत येतानाही वाचत आली असावी, पायांना चिखल होता.

"काकू," ती म्हणाली, "नेमाड्यांनी त्या धाकट्या बहिणीचं असं का केलं हो?"